यंत्राचा हिशेब आणि एक दशांश

वाशीम जिल्ह्यांतील मालेगांव तालुक्यांत किन्हीराजा नांवाचें गांव आहे. तेथें माझी एक मावसबहीण राहते. तिच्या आळींतील बायकांनीं मिळून एक लहानसा बचत गट चालविला आहे. प्रत्येकीनें दरमहा ठरलेली रक्कम जमा करावयाची, जिला नड असेल तिनें त्यांतून कर्ज घ्यावयाचें आणि दरमहा शेंकडा एक रुपया व्याज भरावयाचें, असा हा साधा सरळ व्यवहार आहे. दहा-वीस पैशांचीं नाणीं आतां चालत नाहींत, म्हणून व्याजाचे पैसे फोनवरून गटाच्या बँकखात्यांत जातात. वही मात्र माझ्या बहिणीच्या हातची. तिचा मुलगा अभियांत्रिकीचें शिक्षण घेत आहे. आईचे श्रम वांचावे म्हणून त्यानें एका सुटींत संगणकासाठीं हिशेबाचा प्रोग्राम लिहून दिला. प्रत्येकीचें व्याज त्यांत भरलें म्हणजे यंत्र आपली बेरीज करी, ती वहींतील बेरजेशीं ताडून पाही, आणि दोन्ही सारख्या निघाल्या कीं पडद्यावर 'हिशेब जुळला' अशीं अक्षरें उमटत.

चार महिने तीं अक्षरें उमटत राहिलीं. पांचव्या महिन्यांत दोघींचेंच कर्ज उरलें होतें. एकीचें ११० रुपये आणि दुसरीचें २२० रुपये. म्हणजे व्याज १ रुपया १० पैसे आणि २ रुपये २० पैसे. वहींतील बेरीज ३ रुपये ३० पैसे. यंत्रानें उत्तर दिलें : 'हिशेब जुळत नाहीं. फरक ०.००.'

श्रोतेहो, फरक शून्य आणि तरीहि हिशेब जुळत नाहीं, हें ऐकून आपणांस हंसूं येईल. त्या दिवशीं त्या ओटीवर कोणी हंसलें नाहीं. या महिन्याची बेरीज तर बोटांवर होते, तेव्हां घोळ मागच्या कोठल्या तरी महिन्यांत झाला असला पाहिजे, असें एकीला वाटलें. वही माणूस लिहितो, यंत्राला कोणाचें कांहीं घेणें नाहीं, असें दुसरी म्हणाली. मग चार महिन्यांचीं पानें पुन्हां पुन्हां तपासण्यांत आलीं. रात्रीं बहिणीचा मला फोन आला. "दादा, पांच-दहा रुपये कमी भरले असते तर मीं पदरचे घातले असते, पण शून्याची भरपाई कशी करूं?"

तिच्या प्रश्नाचें उत्तर द्यावयाचें तर संगणक अंक कसे सांठवितो हें पाहिलें पाहिजे. आणि तें समजून घेण्यास आपल्या पणज्या-आज्यांच्या घरांतील धान्याचीं मापें फार उपयोगी पडतात.

मेट्रिक मापें येण्यापूर्वीं आपल्याकडे धान्य ज्या मापांनीं मोजीत त्यांची एक मालिका अशी होती : दोन निळव्यांचें एक कोळवें, दोन कोळव्यांचें एक चिपटें, दोन चिपट्यांचें एक मापटें, दोन मापट्यांचा एक शेर, दोन शेरांची एक अधोली आणि दोन अधोल्यांची एक पायली. शेर सगळीकडे सारखा नव्हता, तो भाग निराळा. लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट ही कीं, या मालिकेंतील प्रत्येक माप आधीच्या मापाच्या बरोबर दुप्पट आहे. त्यामुळें पायलीच्या आंतील धान्य मोजतांना कोणतेंहि माप दोनदां भरावें लागत नाहीं. दोनदां भरण्याची वेळ आली तर त्याच्या वरचें माप एकदां भरावें. प्रत्येक मापाविषयीं प्रश्न एवढाच उरतो : भरलें कीं नाहीं? भरलें तर एक लिहावा, न भरलें तर शून्य. अधोलीपासून निळव्यापर्यंत असे एक आणि शून्य ओळीनें मांडले कीं ती द्विमान पद्धति झाली. संगणक हेंच करतो. त्याच्या प्रत्येक घरांत दोनच अवस्था संभवतात, म्हणून त्याच्या कोठारांत अर्धा, पाव, अर्धपाव, सोळावा, बत्तिसावा, चौसष्टावा अशीं निम्म्यानिम्म्यानें उतरत जाणारींच मापें असतात. दहाव्या हिश्श्याचें माप त्याच्यापाशीं नसतें.

मग या मापांनीं पायलीचा दहावा हिस्सा मोजून पाहूं. अधोली मोठी पडते, शेर मोठा पडतो, मापटेंहि मोठें पडतें. चिपटें, म्हणजे पायलीचा सोळावा भाग, बसतें. राहिलेल्यांत कोळवेंहि बसतें. चिपटें आणि कोळवें मिळून बत्तिसांतले तीन भाग झाले. दहाव्या हिश्श्यांतून ते वजा केले तर पायलीचा एकशेंसाठावा भाग उरतो. आतां मौज पाहा. एकशेंसाठावा भाग म्हणजे दहाव्या भागाचाच सोळावा भाग. म्हणजे आपण ज्या प्रश्नापासून निघालों तोच प्रश्न, आकारानें सोळापट लहान होऊन, पुन्हां आपल्यापुढें उभा राहिला. निळव्याच्या खालीं आणखी कितीहि बारीक मापें करविलीं तरी हाच क्रम चालू राहणार : दोन मापें भरावयाचीं, दोन सोडावयाचीं, आणि शेवटीं मुठींत सोळापट लहान असा तोच उरलेला वांटा. या मोजणीला अंत नाहीं.

यांत यंत्राचा विशेष दोष आहे असेंहि नाहीं. आपल्या दशमान पद्धतीची तिसऱ्या हिश्श्यापुढें अशीच गत होते. शंभर रुपये तीन भावांत वांटले तर प्रत्येकाला ३३ रुपये ३३ पैसे देऊन एक पैसा शिल्लक राहतो, व तो पैसा पुढें शाळेंतल्या प्रत्येक मुलाला छळतो. जुन्या रुपयाला मात्र ही अडचण नव्हती. बारा पैंचा आणा व सोळा आण्यांचा रुपया, म्हणजे रुपयाच्या १९२ पै होत. त्याचा तिसरा हिस्सा पांच आणे चार पै, कांहींहि न उरतां. ज्या पद्धतीच्या पायांत जो अंक आहे त्याच्या वांटण्या तींत सुखानें होतात. दहाच्या पायांत दोन आणि पांच आहेत, तीन नाहीं. संगणकाच्या पायांत केवळ दोन आहे. तेथें तीनहि नाहीं आणि पांचहि नाहीं. दहाव्या हिश्श्याला पांच लागतात, म्हणून तो हिस्सा तेथें कधींच पुरा होत नाहीं.

अंत नसलेली मोजणी यंत्राला कोठेंतरी थांबविलीच पाहिजे. आज बहुतेक सर्व संगणक अपूर्णांकासाठीं चौसष्ट घरांची एक ओळ देतात. त्यांपैकीं एक घर धन-ऋण चिन्हासाठीं, अकरा घरें बिंदूचें स्थान सांगण्यासाठीं आणि उरलेलीं बावन्न प्रत्यक्ष अंकांसाठीं. आरंभींचा एक गृहीतच असल्यामुळें तो लिहावा लागत नाहीं, म्हणून अंक त्रेपन्न धरावयाचे. बिंदू एका जागीं खिळलेला नसून तो मागें-पुढें सरकतो, यावरून या व्यवस्थेला 'फ्लोटिंग पॉइंट', म्हणजे तरंगता बिंदू, असें नांव पडलें. जर्मनींत कोनराड झूझे यानें १९४१ सालीं पुरें केलेल्या झेड-३ या यंत्रांत ती होती. पुढें प्रत्येक कारखान्याचें यंत्र आपापल्या रीतीनें मोजूं लागलें व एकाच गणिताचीं निरनिराळ्या यंत्रांवर निरनिराळीं उत्तरें येऊं लागलीं. तो गोंधळ मिटविण्यासाठीं १९८५ सालीं आय-ट्रिपल-ई या संस्थेनें ७५४ क्रमांकाचें मानक प्रसिद्ध केलें. त्यामागें विल्यम काहान या गणितज्ञाचे परिश्रम मुख्य होते. १९८९ सालीं त्यांना ट्यूरिंग पारितोषिक मिळालें.

या मानकाप्रमाणें किन्हीराजाच्या हिशेबांत काय घडलें तें आतां सांगतां येतें. १ रुपया १० पैसे ही रक्कम त्रेपन्न घरांत बरोबर मावत नाहीं; तिच्या सर्वांत जवळचा जो अंक मावतो तो किंचित् जड आहे. २ रुपये २० पैसे यांच्या जवळचा अंकहि किंचित् जडच. दोन्ही जड अंकांची बेरीज अर्थातच जड झाली. यंत्राच्या पोटांत ती ३.३००००००००००००००३ अशी होती. उलट वहींतून भरलेले ३ रुपये ३० पैसे यांच्यासाठीं जो सर्वांत जवळचा अंक निघाला तो किंचित् हलका होता. एक पारडें सूक्ष्म जड आणि दुसरें सूक्ष्म हलकें, आणि प्रोग्राममध्यें प्रश्न असा घातलेला कीं, दोन्ही अगदीं सारखीं आहेत काय? यंत्रानें प्रामाणिकपणें 'नाहींत' म्हणून सांगितलें. पडद्यावर दोनच दशांश स्थळें दाखवावीं असा हुकूम असल्यानें फरकाच्या जागीं दोन शून्यें आलीं. दोन्ही वाक्यें आपापल्या परीनें खरीं होतीं. एकत्र वाचल्यावर मात्र त्यांनीं एका बाईच्या सचोटीवर सावली टाकली.

पहिले चार महिने हें कां घडलें नाहीं? तेव्हां सर्व कर्जें शंभराच्या किंवा पन्नासाच्या पटींत होतीं. व्याज पूर्ण रुपयांत येई, नाहींतर अर्ध्या रुपयांत. अर्धा म्हणजे अधोली, तें माप यंत्राच्या कोठारांत आहेच. दहा पैसे आले आणि घोटाळा झाला.

येथें एक गोष्ट मला नेहमीं गमतीची वाटते. पूर्वीं मुलांकडून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी घोकून घेत. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच, साडेतीन हे सगळे अपूर्णांक दोनाच्या वांटणींतून आलेले, म्हणून संगणक ते बिनचूक सांठवितो. त्या पाढ्यांतलें एकहि उत्तर तो चुकणार नाहीं. आणा हा रुपयाचा सोळावा भाग, तोहि त्याला अचूक ठाऊक. शिक्षणानें जें आम्हांला सोपें म्हणून शिकविलें, तें दशांशच त्याला अवघड! आपल्याकडे १ एप्रिल १९५७ रोजीं सोळा आण्यांचा रुपया जाऊन शंभर नव्या पैशांचा रुपया आला, आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत 'टिफ्रॅक' हा द्विमान पद्धतीचा संगणक १९६० सालीं पूर्ण झाला. यंत्राच्या सोयीचें नाणें आपण नेमकें यंत्र घरीं येण्याच्या वेळींच मोडींत काढलें. दशमान नाणें माणसांसाठीं आवश्यकच होतें, याविषयीं माझ्या मनांत शंका नाहीं. पण योगायोग खरा.

त्या नाणेबदलानेंहि लोकांना याच जातीचा अनुभव दिला होता, आणि तो उघड्या डोळ्यांना दिसणारा होता. एक आणा म्हणजे बरोबर सव्वासहा नवे पैसे. सव्वासहाचें नाणें नाहीं, म्हणून कोष्टकांत एका आण्याचे ६ नवे पैसे, दोन आण्यांचे १२, तीन आण्यांचे १९ आणि चार आण्यांचे २५ असे ठरविले. दोन आण्यांचा एक असे आठ जिन्नस निरनिराळे घ्यावे तर ९६ नवे पैसे पडत. एकदम घ्यावे तर पुरा रुपया. दोन, सहा, दहा आणि चौदा आणे यांची खरी किंमत साडेबारा, साडेसदतीस, साडेबासष्ट आणि साडेसत्त्याऐंशी. कोष्टकानें चारहि ठिकाणीं अर्धा पैसा सोडून १२, ३७, ६२ आणि ८७ असे अंक धरले. खरी बेरीज २००, कोष्टकाची १९८. अर्धा नेहमीं एकाच बाजूला टाकला कीं तोटाहि नेहमीं एकाच बाजूला सांचतो. १९८५ च्या मानकानें यावर सुंदर तोड ठेविली आहे : अंक बरोबर मधोमध पडला तर जवळच्या दोहोंपैकीं सम असेल तो घ्यावा. आपल्या चार रकमांना हा नियम लावा. १२, ३८, ६२ आणि ८८ होतात, आणि बेरीज पुरी २०० येते. दर वेळीं इतकी बरोबर येईल असें नव्हे, पण चूक एकाच दिशेला चालत जात नाहीं.

कॅनडांतील व्हँकुव्हरच्या शेअरबाजाराला हें शहाणपण महागांत मिळालें. १९८२ च्या आरंभीं त्यांनीं १००० पासून एक निर्देशांक सुरू केला. प्रत्येक सौद्यानंतर तो नव्यानें काढीत आणि तिसऱ्या दशांश स्थळापुढचे अंक जवळच्या अंकाला न नेतां सरळ कापून टाकीत. दिवसांतून हजारों वेळां होणारी ही बारीक काटछाट नेहमीं खालच्याच दिशेची. १९८३ च्या नोव्हेंबरांत निर्देशांक सुमारें ५२५ वर येऊन ठेपला होता; नीट हिशेब केला तेव्हां तो सुमारें १०९९ निघाला. बाजार तेजींत असतांना फलक मंदी दाखवीत होता.

आपल्या बेरजेंतील चूक मात्र फार लहान होती. तीच चूक एकावर एक सांचत जाऊन एक पैसा व्हावयास ती सुमारें साडेबावीस लाख कोटी वेळां घडावी लागेल. मग हिची एवढी चर्चा कशाला, असें कोणी विचारील. बेरीज-वजाबाकींत ती बहुधा निरुपद्रवी असते हें मीहि मानतों. उपद्रव होतो तो तिच्यावर कठोर प्रश्न विचारला म्हणजे. 'सारखे आहेत काय' हा असा एक प्रश्न. दुसरा, 'अपूर्णांक टाकून पूर्णांक किती?' ४ रुपये ३५ पैसे यांचे पैसे करण्यासाठीं यंत्राला शंभरानें गुणावयास सांगितलें तर ४३५ च्या जागीं चारशें चौतीस आणि पुढें नवांची लांब रांग असें उत्तर येतें. त्यांतला अपूर्णांक टाकला कीं ४३४ उरतात, आणि येथें खराखुरा पैसा हरवतो. दहा पैसे दहा वेळां मिळविले तरी यंत्राचा रुपया भरत नाहीं. रुपया भरेपर्यंत मिळवीत राहा असें एखाद्या नवशिक्यानें लिहिलें तर तें यंत्र रुपयाला चुकवून पुढें निघून जातें आणि थांबतच नाहीं. आणखी एक विलक्षण गोष्ट : ०.१, ०.२ आणि ०.३ हे तीन अंक डावीकडून मिळविले तर एक उत्तर येतें, उजवीकडून मिळविले तर दुसरें. बेरजेचा क्रम बदलला तरी बेरीज बदलत नाहीं, हा पाठ आपण पहिल्या इयत्तांत शिकलों. येथें तोहि डळमळतो.

फार मोठ्या अंकांचीहि अशीच तऱ्हा. भास्कराचार्यांच्या लीलावतींत एकं, दहं, शतं अशीं दशगुणित स्थानें परार्धापर्यंत दिलीं आहेत. त्यांतील 'मध्य' म्हणजे एकावर सोळा शून्यें. तरंगत्या बिंदूच्या यंत्रांत मध्य या संख्येंत एक मिळवा. उत्तर पुन्हां मध्यच येतें. त्रेपन्न घरें तेथें संपलेलीं असतात व तो बिचारा एक उभा राहावयास जागाच उरत नाहीं.

सूक्ष्म चुकीचें सर्वांत दुःखद उदाहरण १९९१ सालच्या आखाती युद्धांतलें आहे, आणि तेंहि एका दहाव्या हिश्श्याचेंच. सौदी अरबस्तानांत धाहरान येथें अमेरिकन सैन्याची पेट्रियट नांवाची क्षेपणास्त्ररोधक यंत्रणा बसविली होती. तिचें घड्याळ सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यांत टिपणें घेई, व त्यांचे सेकंद करण्यासाठीं एक दशांशानें गुणी. हा दशांश चोवीस घरांत बसविला होता. उरलेलें कापून टाकलेलें. ही यंत्रणा तरंगत्या बिंदूची नव्हे, तरी दुखणें तेंच. प्रत्येक टिपणामागें चूक सेकंदाच्या एक कोटी भागांपैकीं एका भागाहूनहि कमी. पण यंत्रणा शंभर तास अखंड चालू होती. तेवढ्या वेळांत छत्तीस लाख टिपणें झालीं आणि घड्याळ सुमारें ०.३४ सेकंद चुकलें. तेवढ्या अवधींत येणारें स्कड क्षेपणास्त्र अर्ध्या किलोमीटरहून अधिक अंतर काटतें. यंत्रणेनें त्याला भलत्याच जागीं शोधलें व तेथें कांहीं नाहीं असें ठरविलें. २५ फेब्रुवारीच्या त्या रात्रीं छावणीवर क्षेपणास्त्र पडून अठ्ठावीस सैनिक मृत्यु पावले.

आतां उपाय. विज्ञानाच्या मोजमापांत दोन अंक सारखे आहेत काय असें विचारूं नये, त्यांतील अंतर अमक्याहून कमी आहे काय असें विचारावें. मोजमापांत थोडी चूक असतेच, तींत ही सामावून जाते. पैशाच्या व्यवहारांत मात्र एवढ्यानें भागत नाहीं. तेथें एक मार्ग म्हणजे यंत्राला दशमान पद्धतीनेंच मोजावयास लावणें. कोबोल या व्यापारी हिशेबांसाठीं केलेल्या जुन्या भाषेंत ती सोय आहे, आणि २००८ सालीं सुधारलेल्या मानकांतहि दशमान अंकांना जागा दिली आहे. दुसरा मार्ग अगदीं घरगुती : रुपयांत मोजूंच नये, पैशांत मोजावें. ११० पैसे आणि २२० पैसे मिळून ३३० पैसे. तिन्ही पूर्ण संख्या, आणि पूर्ण संख्या यंत्र मध्याच्या जवळपास जाईपर्यंत चुकवीत नाहीं. पडद्यावर दाखवितांना तेवढा मध्यें बिंदू द्यावा.

माझ्या भाच्याला मीं हें फोनवर सांगितलें. तो म्हणाला, "मामा, पुस्तकांत वाचलें होतें, पण तें मोठ्या यंत्रांसाठीं असेल असें वाटलें." त्याच रात्रीं त्यानें प्रोग्राम बदलला आणि सकाळीं ओटीवर सर्वांच्या देखत जुने पांचहि महिने पुन्हां चालवून दाखविले. पांचहि वेळां 'हिशेब जुळला'. नंतर त्यानें आईला एक प्रश्न विचारला, जो यंत्राला सोडवितां येत नाहीं : एखादीकडे ११० रुपये ५० पैसे कर्ज राहिलें तर व्याज साडेएकशेंदहा पैसे होईल, त्या अर्ध्या पैशाचें काय करावयाचें? बायकांनीं थोडा वेळ विचार केला. यंत्राला कोणाचें कांहीं घेणें नाहीं असें जी म्हणाली होती तिनेंच सुचविलें कीं, अर्धा पैसा कर्जदार बाईला सोडावा. तसा ठराव वहींत लिहिला, आणि माझ्या बहिणीनें त्याखालीं सर्वांच्या सह्या घेतल्या.